नळाचा दिवस आणि पांढरी स्कूटर

प्रिय ताई,

आमची कॉलनी जुनी, निम्मी घरं मराठी. संक्रांतीच्या चार दिवस आधी आमच्या ओळीतले एक काका पहाटे कुत्र्याला फिरवायला गेले ते परत आलेच नाहीत. गार्डनच्या मागच्या फाटकापाशी कोणीतरी डोक्यात घालून त्यांचा खून केला. कुत्रा एकटाच घरी आला, साखळी फरफटत. अजून कोणी सापडलेलं नाही.

त्या दुपारी ग्रुपवर सगळे हळहळत होते, तेव्हा मी एक ओळ लिहिली: "परवाच कोपऱ्यावरच्या भाऊंशी कुत्र्याच्या घाणीवरून केवढं वाजलं होतं त्यांचं." एवढंच. तोवर लोक चौकीदारावर घसरले होते, माझ्या ओळीनंतर भाऊंवर आले. पोलिसांनी भाऊंना दोनदा बोलावलं आणि सोडलं. तरी कोणीतरी त्यांचा गणपतीतला फोटो लाल गोल काढून फिरवला. पोह्यांच्या गाडीवर तेच, दुधाच्या दुकानात तेच. त्यांची बायको माझी पंचवीस वर्षांची मैत्रीण. तिला यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणी बोलावलं नाही. मीही नाही. आता चैत्रगौर आली आहे.

आणखी एक. त्या दिवशी नर्मदेच्या नळाचा दिवस होता, म्हणून मी पाचलाच उठले होते. पाणी भरताना फाटकाच्या बाजूने एक स्कूटर जाताना दिसली. बहुतेक पांढरी ॲक्टिव्हा. भाऊंचीही पांढरी ॲक्टिव्हाच आहे. पोलीस घरोघर चौकशीला आले तेव्हा ह्यांनी "आम्ही झोपलो होतो" म्हणून सांगून टाकलं. मुलगा पुण्याहून म्हणतो, आई, तू यात पडू नकोस, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मला रात्र रात्र झोप नाही. ग्रुप सोडून देऊ का?

– एक शेजारीण, इंदूर

(कॉलनी ओळखू येईल असं सगळं मी पत्रातून काढून टाकलं आहे.)

शेजारीणबाई,

ग्रुप सोडायचा तर खुशाल सोडा, पण सगळ्यात शेवटी. आत्ता सोडलात तर लोक म्हणतील, हिलाही काहीतरी ठाऊक असणार, आणि दोन दिवस तुमच्यावर चघळतील.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात तुम्ही दोन गोष्टी केल्या आहेत आणि दोन्ही उलट्या जागी. जे तुम्हाला माहीत नव्हतं ते चारचौघांत बोललात, आणि जे डोळ्यांनी पाहिलंत ते ज्याला सांगायचं त्याला सांगितलं नाहीत. तुमची झोप उडाली आहे ती यामुळे, असं मला वाटतं. भाऊंचं वाईट वाटतंय हे खरं, पण ते दुसऱ्या नंबरवर.

आधी त्या ओळीचं बघू. तुम्ही म्हणाल, मी खोटं कुठे लिहिलं? भांडण तर झालंच होतं. झालं असेल. कुत्र्याच्या घाणीवरून इंदूरच्या कुठल्या कॉलनीत भांडण होत नाही ते मला दाखवा. स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिळवणारं शहर आहे आपलं, फाटकासमोर घाण दिसली की इथला माणूस पेटतो. पण खून झाला त्या दुपारी, सगळे "कोण असेल, कोण असेल" करत असताना ती ओळ लिहिली गेली. तिथे तुम्ही प्रश्नचिन्हसुद्धा टाकलं नव्हतं. टाकायची गरजच नव्हती, वाचणाऱ्यांनी ते स्वतः लावून घेतलं. खरं वाक्य चुकीच्या वेळी बोलून माणूस अडकवता येतो. पाच मिनिटांपूर्वी तोच ग्रुप चौकीदाराला अडकवत होता, हेही विसरू नका. त्याच्या बाजूने कोणी बोललं का? तुमच्या पत्रातही तो अर्ध्या वाक्यात येऊन निघून गेला आहे.

चौकीदारावरून आठवलं. नोएडातलं आरुषी प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा पहिला दिवस लोक विसरतात. १६ मे २००८ला मुलगी मृतावस्थेत सापडली, घरातला नोकर हेमराज दिसेना, मग खुनी तोच ठरला. पोलिसांनी त्याच्यावर इनामही लावलं. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत त्याच घराच्या गच्चीवर सापडलं. ज्याला देशभर शोधत होते तो वर मरून पडला होता. पुढे आईवडिलांना २०१३मध्ये शिक्षा झाली आणि २०१७मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. मधल्या नऊ वर्षांत चहाच्या प्रत्येक टपरीवर त्या घरातल्या खोल्यांचा नकाशा काढता येणारी माणसं होती.

पण तुमच्याशी खरं जुळतं ते लंडनचं. विम्बल्डन कॉमन म्हणून तिथे मोठं रान-मैदान आहे, लोक कुत्री घेऊन फिरायला जातात. १५ जुलै १९९२ला रेचल निकेल नावाची २३ वर्षांची आई आपल्या दोन वर्षांच्या मुलाला आणि कुत्र्याला घेऊन तिथे गेली आणि भरदिवसा मारली गेली. टीव्हीवर रेखाचित्र दाखवलं, लोकांनी फोन करून कॉलिन स्टॅग हे नाव दिलं. हा जवळच राहणारा, एकटा, जरा विक्षिप्त माणूस. तोही तिथे रोज कुत्रा फिरवायचा. झालं! पुरावा काहीच नव्हता, म्हणून पोलिसांनी एका महिला अधिकाऱ्याला वेगळ्या नावाने त्याच्याशी मैत्री करायला लावली. महिनोन् महिने पत्रं, भेटी, प्रेमाची आशा, का तर तो कबूल होईल म्हणून. तो काही कबूल झाला नाही. सप्टेंबर १९९४मध्ये न्यायाधीशांनी हा सगळा प्रकार कडक शब्दांत फेटाळला आणि तो सुटला. म्हणजे कागदावर सुटला. लोकांच्या मनातून नाही सुटला. वर्षानुवर्षं त्याला कोणी काम देईना, रस्त्यात लोक शिव्या घालायचे. "पुराव्याअभावी सुटला" या शब्दांत आपणही किती विष घालतो, ऐका एकदा स्वतःलाच.

खरा खुनी रॉबर्ट नॅपर. सगळे स्टॅगमागे लागलेले असताना नोव्हेंबर १९९३मध्ये त्याने आणखी एका तरुण आईला आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीला मारलं. निकेलच्या मृत्यूची कबुली त्याने न्यायालयात दिली ती डिसेंबर २००८मध्ये. स्टॅगला ७ लाख ६ हजार पौंड भरपाई मिळाली, पोलिसांनी माफी मागितली. सोळा वर्षांनी.

त्या गोष्टीतली एक बारीक बाब तुमच्यासाठी काढून ठेवली आहे. १९८९मध्ये, म्हणजे तीन वर्षं आधी, नॅपरच्या स्वतःच्या आईने पोलिसांना कळवलं होतं की मुलगा एका बलात्काराची कबुली देतो आहे. पोलिसांना त्याच्याशी जुळणारी तक्रार सापडली नाही आणि ते तिथेच राहिलं. त्या बाईचं काळीज बघा. स्वतःच्या पोटच्या पोराबद्दल ती जाऊन बोलली. तुम्हाला तर फक्त एका स्कूटरबद्दल बोलायचं आहे.

आता ती स्कूटर. पत्रात तुम्ही आधी लिहिता "एक स्कूटर". पुढच्या वाक्यात ती "बहुतेक पांढरी ॲक्टिव्हा" होते. आणि त्याच्या पुढच्या वाक्यात भाऊंची गाडी येते. मला नीट आठवून सांगा, पांढरा रंग तुम्हाला त्या सकाळी दिसला, की भाऊंचं नाव ग्रुपवर आल्यानंतर? जानेवारीत पहाटे साडेपाच-पावणेसहाला इंदूरला मिट्ट काळोख असतो, सात वाजेपर्यंत नीट उजाडत नाही. फाटकापाशी दिवा आहे का? असला तर पिवळा की पांढरा? पिवळ्या दिव्याखाली चंदेरी, फिकट निळी, पांढरी, सगळ्या गाड्या एकच दिसतात. आणि बादलीकडे बघत होतात की फाटकाकडे?

तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. आठवण अशीच असते. १९७४मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली. ५० जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा वेग किती होता. दुसऱ्या ५० जणांना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? पहिल्यांतले १६ जण हो म्हणाले, दुसऱ्यांतले ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. एका शब्दाने ही करामत केली, आणि तुम्ही तीन महिने दिवसाला शंभर निरोप वाचताय.

म्हणून आज रात्री एक करा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जुनी वही घ्या आणि ती सकाळ लिहून काढा, ग्रुपवर वाचलेलं एक अक्षर न घालता. नळ किती वाजता आला, कितवी बादली होती, गाडी कुठून कुठे गेली, एक माणूस की दोन, हेल्मेट होतं का, आवाज कसा होता. कुत्रा साखळी ओढत आला ते गाडी गेल्यावर की आधी? तो आवाज तुम्ही ऐकलात का? साखळी डांबरावर घासल्याचा आवाज पहाटे लांबवर जातो. जे आठवत नाही तिथे "आठवत नाही" लिहा. तो कमीपणा नाही, उलट वकिलासमोर टिकणारा साक्षीदार "आठवत नाही" म्हणू शकणाराच असतो.

तुमच्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात मोलाचा वाटला तो नळ. पोलिसांना शेजारपाजारचे लोक "पहाटे कधीतरी", "उजाडायच्या आधी" असं सांगतात. तुमच्याकडे घड्याळ आहे. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी येतं, त्या दिवशी ते कधी सोडलं याची नोंद टाकीवर असते. त्यावरून तुमची वेळ दहा-पंधरा मिनिटांत पकडता येईल. उशीर झालाय हे खरं आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. घरांवरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर पंधरा दिवस-महिन्याने जुनं पुसून त्यावर नवं भरतो, पोलिसांनी तेव्हा नेलं नसेल तर ते गेलं. पण मोबाइल कंपन्यांना कॉलच्या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात. हजारो नंबरांतून कुठल्या पंधरा मिनिटांतले बघायचे, हे एका नळावरून ठरू शकतं.

मुलगा म्हणतो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ती म्हण जमिनीच्या वादात भावाभावांनी कज्जे करू नयेत म्हणून आहे. शेजारच्या माणसाचं डोकं फुटलं तेव्हा गप्प बसायला आपल्या पूर्वजांनी सांगितलेलं नाही. त्याची काळजी मला कळते, लांब बसलेल्या मुलाला आई म्हणजे काचेचं भांडं वाटतं. त्याला हे वाचून दाखवा: नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (हा फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, १ जुलै २०२४पासून लागू आहे) कलम १७९ सांगतं की जबाबासाठी बाईला तिच्या घराबाहेर कुठेही हजर राहायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी तुमच्या घरी यायचं, तुमच्याच दिवाणखान्यात बसून लिहून घ्यायचं. त्या जबाबावर सहीसुद्धा घेता येत नाही, कोणी पुढे केला तर नम्रपणे नाही म्हणा. खरंच जिवाची भीती वाटली तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये मंजूर केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे, तिचा अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे जातो. तशी वेळ येईलसं मला वाटत नाही. पण मुलाला कायदा सांगितला की तो आईचं ऐकतो, हा माझ्या घरचा अनुभव.

थाण्यात, म्हणजे पोलीस ठाण्यात, फोन करा आणि टीआय साहेबांना (ठाण्याच्या प्रमुखांना) किंवा तपास अधिकाऱ्यांना सांगा की मला जबाब द्यायचा आहे, घरी या. नॅपरच्या आईचं सांगणं कुठेतरी विरलं तसं होऊ नये म्हणून अर्धं पान अर्ज लिहा, तारीख घाला, एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवा. थाण्यात कोणी दाद दिली नाही तर २०२१पासून आपल्याकडे पोलीस आयुक्त आहेत, तोच कागद त्यांच्या कार्यालयात जाईल. "इतके दिवस का नाही बोललात?" हा प्रश्न येणारच. घाबरले होते, असं सांगा. यजमान "झोपलो होतो" म्हणाले तेही सांगा, त्यांना शेजारी बसवूनच सांगा. तेच खरं आहे आणि असं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या नसाल. आणि भाऊंची गाडी पांढरी आहे हे तुम्ही आपण होऊन बोलू नका. ती त्यांच्या अंगणात उभी असते, पोलिसांना दिसते.

तो लाल गोलाचा फोटो. हे ग्रुपमधल्या शूरवीरांना कळत नाही, म्हणून तुम्हीच सांगा. उद्या खरोखर कोणी पकडला गेला, कोणी साक्षीदार पुढे आला, तर तुरुंगात ओळखपरेड होईल. बचावाचा वकील पहिला प्रश्न विचारेल, या माणसाचा फोटो तुम्ही आधी मोबाइलवर पाहिला होता ना? साक्षीदार हो म्हणाला की ओळखपरेड पाण्यात. मग तो माणूस भाऊ असो की दुसरा कोणी. बदनामीचं कलम आहेच, न्याय संहितेचं ३५६, पण त्याच्या धाकाने लोक ऐकत नाहीत. "तुमच्या फोटोमुळे खुनी सुटेल" म्हटलं की ऐकतात.

ग्रुपवर लिहायला मोठं निवेदन नको. साधारण असं: "त्या दिवशी भाऊंच्या भांडणाबद्दल मी लिहिलं, ते लिहायला नको होतं. मला त्यांच्याविरुद्ध काहीही माहीत नाही. त्यांचा फोटो ज्यांनी पाठवला त्यांनी पुसावा. ज्यांना खरंच काही दिसलं असेल त्यांनी थाण्यात सांगावं." खाली नाव. हात जोडलेली चित्रं नकोत. स्कूटरचा उल्लेख तर मुळीच नको, पोलिसांनाही नाही कळणार इतक्या वेगाने ती बातमी कॉलनीभर फिरेल आणि सगळ्यांनाच त्या दिवशी स्कूटर दिसलेली आठवू लागेल. कोणीतरी उलट लिहीलच, "आग असल्याशिवाय धूर निघत नाही." उत्तर देऊ नका.

तुम्हाला एवढं सुनावते आहे तर माझंही सांगते. २०२५च्या मे महिन्यात आपल्या शहरातलं नवं जोडपं मेघालयात बेपत्ता झालं, २ जूनला नवऱ्याचा मृतदेह दरीत सापडला. त्या दिवसांत इंदूरमध्ये काय काय बोललं जात होतं! तिथलेच लोक असणार, मुलीला सीमेपलीकडे बांगलादेशात नेलं असणार. ९ जूनला मुलगी उत्तर प्रदेशात गाझीपूरला सापडली आणि मेघालय पोलिसांनी पकडलेले आरोपी आपल्याच बाजूचे निघाले. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवेल. पण आठवडाभर आपण एका अख्ख्या राज्याला खुनी म्हणत होतो. "तिकडचे लोक" असा एक निरोप मीही बहिणीला पुढे ढकलला होता. परवा काहीतरी शोधताना तो पुन्हा समोर आला. बहिणीचं खाली उत्तर होतं, "अगंबाई!" दोघींपैकी एकीनेही नंतर त्यावर एक अक्षर लिहिलं नाही.

राहिली मैत्रीण. तिच्याकडे आंब्याची डाळ आणि पन्ह्याचा तांब्या घेऊन जाऊ नका. चैत्रगौरीचं बोलावणं हातात घेऊन तर मुळीच नाही, ते भिक्षा घातल्यासारखं होईल. रिकाम्या हाताने जा, दुपारी, भाऊ घरात असताना. दारातच सांगा की ती ओळ मी लिहिली होती. तिला ते माहीत असणारच, ग्रुपमध्ये ती आहे किंवा होती. मग ती जे बोलेल ते ऐकून घ्या. ती दार लावून घेईल हीही शक्यता धरा, तसं झालं तर रागावू नका, परत चारांत बोलू नका की "मी तर माफी मागायला गेले होते." हळदीकुंकवाचं नंतर. ती आली नाही तरी पहिली ओटी तिची म्हणून बाजूला ठेवा.

आणि ज्यांचा माणूस गेला त्या काकूंकडे कोण जातं? तुमच्या पत्रात त्या कुठेच नाहीत. भाऊ आहेत, ग्रुप आहे, तुमचा मुलगा आहे. त्या घरात अजून तो कुत्रा आहे आणि त्याला पहाटे बाहेर न्यायला कोणी नाही, असा माझा अंदाज. अंदाजच आहे, तुम्ही जाऊन बघा.

पण आधी वही. पहिल्या ओळीवर नळाची वेळ घाला. रंगाची जागा मोकळी सोडा, आणि दोन दिवसांनी ती जागा अजून मोकळीच वाटली तर तशीच पोलिसांना दाखवा.

तुमची ताई